चुकलास? थांब, वाचवतो!

प्लास्टिकची गिटार, रबरी ड्रम आणि बेसूर गळा... एवढ्या भांडवलावर दोस्ती होते? आमची झाली!

गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसचं 'टीम बाँडिंग' झालं. म्हणजे काय, तर बारा जणांचं लांबलचक टेबल, पनीर टिक्का आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल. शेजारच्या नव्या मुलाला मी विचारलं, "मूळचा कुठला?" तो म्हणाला, "सातारा." संपलं! पुढे काय बोलायचं, हे त्यालाही सुचेना आणि मलाही.

घरी येताना मला औंधचा आमचा जुना फ्लॅट आठवला. आणि ती प्लास्टिकची गिटार.

साल २००९. टू बीएचकेमध्ये आम्ही चौघं. नांदेडवाला, रत्नागिरीवाला, मी आणि नुकताच अमेरिकेहून परतलेला ऑनसाइटवाला. शिफ्टा वेगळ्या, कंपन्या वेगळ्या. आमचा संवाद म्हणजे "गीझर बंद केलास का?" आणि "दुधाचे तुझे ऐंशी रुपये राहिलेत." वर्षभर एका छताखाली राहून आम्हाला एकमेकांची आडनावं नीट ठाऊक नव्हती.

ऑनसाइटवाल्याने येताना चॉकलेटं आणली नाहीत. आणला एक्सबॉक्स ३६० आणि 'रॉक बँड'चा भलामोठा खोका! तपकीर गल्लीतून ११० व्होल्टचा कन्व्हर्टर आणला आणि शनिवारी रात्री हॉलमध्ये दुकान मांडलं.

काय असतं बुवा हे?

साधा फंडा आहे. गिटारवर तारांऐवजी पाच रंगीत बटणं. स्क्रीनवर रंगीत खुणा सरकत येतात. त्याच रंगाचं बटण दाबून ठोका मारायचा. चुकलात की तुमच्या वाद्याचा आवाज गायब! २००५च्या 'गिटार हीरो'ने हे वेड घराघरांत नेलं. तो बनवणाऱ्या हार्मोनिक्स कंपनीनेच २००७मध्ये 'रॉक बँड' काढला आणि गिटारच्या जोडीला बास, ड्रम आणि माइक दिला. म्हणजे चौघांना चार कामं. शिवाय प्रत्येकाने आपापली लेव्हल निवडायची. एक जण 'एक्स्पर्ट'वर, दुसरा 'ईझी'वर, पण गाणं एकच.

खरी गंमत पुढे आहे. कुणी फारच चुकायला लागला की तो गाण्यातून बाद होतो. मग बँडचा मीटर घसरायला लागतो आणि वेळेत काही केलं नाही, तर सगळ्यांचंच गाणं बंद पडतं. पण चमकणाऱ्या खुणा बिनचूक वाजवून तुम्ही थोडं बळ साठवलेलं असेल, तर गिटारची मान वर उचलायची आणि बाद झालेल्या गड्याला परत आणायचं.

आपली अंताक्षरी आठवा. लाजाळू मंडळी मागे बसून टाळ्या वाजवतात. कॅराओकेत एक जण गातो आणि बाकीचे मनातल्या मनात मार्क देतात. इथे मार्क द्यायला कुणी रिकामाच नसतो!

नांदेडवाल्याचा सूर

रत्नागिरीवाला गावच्या भजनात पखवाज वाजवायचा, म्हणून ड्रमवर बसला. हातात काठ्या आल्यावर त्याची जी तारांबळ उडाली, ती बघून आम्ही लोळायचे बाकी होतो. माइक उरला नांदेडवाल्याकडे. तो म्हणाला, "मला इंग्लिश गाणी येत नाहीत रे." ऑनसाइटवाला म्हणाला, "शब्द कोण बघतंय? सूर पकड फक्त." आणि ते खरंच होतं. हा गेम मुख्यतः सूर तपासतो. नुसतं गुणगुणलं तरी गुण मिळतात. चारचौघांत तोंड न उघडणारा आमचा नांदेडवाला चक्क 'आ आ' करत अमेरिकन रॉक गाऊ लागला.

मधेच तो बाद झाला. मी गिटार उचलली. त्याचा आवाज परत आला. "कोणी वाचवलं?" त्याने विचारलं. "मी!" पुढच्या कडव्यात तो पुन्हा बाद. पुन्हा गिटार वर!

रात्री दीडला मॅगी खाताना, स्क्रीनकडेच बघत तो म्हणाला, "अरे, मी दोन महिने ऑफिसला जात नाहीये."

मंदीचे दिवस होते. त्याला कंपनीने काढलं होतं. रोज सकाळी बॅग अडकवून तो निघायचा आणि विद्यापीठाच्या आवारात झाडाखाली बसून राहायचा. घरी नांदेडला सांगितलं नव्हतं आणि भिंतीपलीकडे झोपणाऱ्या आम्हालाही नाही.

पुढचे चार महिने भाडं तिघांत वाटलं. ऑनसाइटवाल्याने त्याचा सीव्ही फिरवला, रत्नागिरीवाला त्याला रोज इंटरव्ह्यूचे प्रश्न विचारायचा. नोकरी लागली. तो आता हैदराबादला असतो आणि माझ्या वाढदिवसाला न चुकता फोन करतो.

गेम नसता तर तो बोललाच नसता, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण वर्षभर आम्ही एकत्र क्रिकेट बघत होतो, तेव्हा तो बोलला नव्हता. त्या रात्री चौघंही एकमेकांसमोर यथेच्छ चुकले होते. कुणाची इस्त्री शिल्लक राहिली नव्हती. अशा वेळी 'माझं बिनसलंय' म्हणायला कमी धैर्य लागतं, एवढं मात्र नक्की.

प्लास्टिकच्या गिटारींची लाट २०११च्या सुमारास ओसरली. आमचा सेटही फ्लॅट सोडताना कुणीतरी नेला. पण फंडा जुना झालेला नाही. परवा मी साताऱ्याच्या त्या मुलाला शुक्रवारी घरी बोलावलं. विचारलं, "गाता येतं का रे?"

"अजिबात नाही, सर."

"मस्त! मग माइक तुझा."

वीकेंडला जमवायचंय?

* गाण्याला लाजणारे जास्त असतील तर 'जस्ट डान्स' लावा. २००९पासून चालू आहे. नाचता येण्याची अट नाही, उलट न येणाऱ्यांनाच जास्त टाळ्या!
* प्लास्टिकची गिटार नसेल तरी 'फोर्टनाइट फेस्टिव्हल' आहे. हार्मोनिक्सनेच केलेला हा गेम २०२३च्या डिसेंबरात आला आणि साध्या कंट्रोलरवर खेळता येतो.
* पहिलं गाणं सगळ्यांनी 'ईझी'वर. घरात एक्स्पर्ट असेल तर त्याला आधी चहा करायला पाठवा.
* व्हिडिओ काढायचा नाही. इथे चुकलेलं इथेच राहू द्या!