जमीन तापली म्हणून पाऊस येतो काय?

उन्हाळ्यात जमीन तापते, समुद्रावरचा वारा आत ओढला जातो आणि पाऊस पडतो, असे आपण शाळेत शिकलो. डॉ. सुलोचना गाडगीळ (जन्म पुणे, १९४४, निधन २०२५) यांना ते पटले नाही. जमीन सर्वांत तापते मे महिन्यात, मग पावसाचा जोर जुलैत का? आणि दुष्काळी साली तर रान जास्तच तापलेले असते!

हार्वर्डला शिकून त्या परत आल्या व १९७३ पासून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रमल्या. उपग्रहाची छायाचित्रे तपासून १९८० साली त्यांनी व पुण्याच्या डॉ. सिक्का यांनी दाखवले, की विषुववृत्ताजवळ समुद्रावर ढगांचा पट्टा बनतो आणि उत्तरेला सरकत आपल्यावर येतो. तो विरला की उघडीप. मागून दुसरा आला की पुन्हा जोर.

अल निनोची बातमी आली की आडसालीचे बेत डगमगतात. पण १९९७ साली अल निनो फार जोराचा असूनही देशात पाऊस सरासरीइतका झाला. २००२ साली तो मध्यम, तरी दुष्काळ. गाडगीळबाईंनी कारण हिंदी महासागरात शोधले. ढग आफ्रिकेच्या बाजूला जास्त जमले तर आपला लाभ, सुमात्राकडे जमले तर तोटा. म्हणून नुसते पॅसिफिकचे ऐकून लागण रद्द करणे आम्हांस घाईचे वाटते.

बाई नुसत्या कागदावर थांबल्या नाहीत. कर्नाटकात पावगड भागातल्या कोरडवाहू शेतकऱ्यांशी बोलून, पावसाच्या जुन्या नोंदी काढून त्यांनी हिशेब मांडला: भुईमूग कधी पेरला म्हणजे शेंगा भरताना ताण पडणार नाही?