कोळंबीचे बाल्य : समुद्रातून खाडीकडे

बाजारात जवळा घेणारे पुष्कळजण त्यास कोळंबीचे पिल्लू समजतात. हा समज चुकीचा आहे. जवळा ही मुळातच लहान राहणारी स्वतंत्र जात असून दोन-अडीच सेंटिमीटर लांबीचा जवळाही पूर्ण वाढलेला असतो. कोळंबीचे खरे पिल्लू सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही आणि पडले तरी ओळखू येत नाही. ही ओळख नसल्यामुळेच पुढील हंगामाची कोळंबी खाडीत नकळत नष्ट होते.

अंड्यापासून पिलापर्यंत

कोळंबीची मादी समुद्रात अंडी सोडते. टायगर कोळंबीची मोठी मादी एका वेळी दोन ते आठ लाख अंडी देते. गोड्या पाण्यातील मोठ्या कोळंबीप्रमाणे ती अंडी पोटाशी बाळगत नाही. ती पाण्यात मोकळी सोडली जातात. सुमारे बारा ते अठरा तासांत त्यांतून सूक्ष्म डिंभ बाहेर पडतो. आईबापांशी त्याचे काहीही साम्य नसते. कात टाकत टाकत तो तीन अवस्थांतून जातो.

पहिली अवस्था ‘नॉप्लिअस’. एक डोळा व अवयवांच्या तीन जोड्या असलेला हा जीव काहीही खात नाही. अंड्यातील शिल्लक बलकावर तो सुमारे दोन दिवस जगतो. दुसरी अवस्था ‘प्रोटोझोइया’. येथे अन्नग्रहण सुरू होते. डिंभ पाण्यातील सूक्ष्म वनस्पती खातो आणि त्याच्या मागे विष्ठेचा लांब धागा लोंबताना दिसतो. तिसरी अवस्था ‘मायसिस’. या वेळी तो डोके खाली करून तरंगतो व झटके देत मागे सरकतो. त्यानंतर पोटाखालील पायांनी पुढे पोहणारे, कोळंबीच्या आकाराचे पिल्लू तयार होते. उबदार पाण्यात हा सारा प्रवास दहा-बारा दिवसांत पुरा होतो.

जपानमध्ये मोतोसाकु फुजिनागा यांनी १९३४ मध्ये कुरुमा कोळंबीची अंडी प्रयोगशाळेत उबवून या अवस्थांच्या अभ्यासाचा पाया घातला. आजची बीजोत्पादन केंद्रे याच ज्ञानावर चालतात. प्रोटोझोइयास सूक्ष्म वनस्पती आणि मायसिसला सूक्ष्म प्राणी द्यावे लागतात. अवस्था ओळखण्यात चूक झाली, तर लाखो पिले उपाशी मरतात.

ओळख कशी पटवावी

डिंभाच्या अवस्था पाहण्यासाठी सूक्ष्मदर्शक हवा. पिल्लू व जवळा यांतील भेद मात्र शाळेतील साध्या भिंगानेही दाखविता येतो. कोळंबीला चालण्याच्या पायांच्या पाच जोड्या असतात. जवळ्याला मागील दोन जोड्या नसतात. त्यामुळे त्याच्या तीनच जोड्या दिसतात. टायगर कोळंबीच्या कोवळ्या पिलाच्या अंगावर पोटाच्या बाजूने लांबट गडद तपकिरी रेघ असते. किनाऱ्यावरील शाळांनी विज्ञानाच्या तासाला हा प्रयोग अवश्य करावा.

खाडी हेच पाळणाघर

टायगर कोळंबी व पांढरी कोळंबी यांची पिले भरतीबरोबर खाडीत शिरतात. खारफुटीच्या मुळांत त्यांना अन्न व आसरा मिळतो. काही महिने वाढून ती समुद्रात परततात आणि तेथे प्रौढ होतात. म्हणजे कोळंबीचा जन्म समुद्रात होत असला, तरी तिचे बालपण खाडीत जाते.

पावसाळी मासेमारीबंदी समुद्रातील यंत्रचलित नौकांना लागू होते. ती आवश्यकच आहे. परंतु बारीक आसाच्या जाळ्यांत खाडीतील पिले सापडत राहिली, खारफुटी तोडली गेली वा सांडपाणी खाडीत सोडले गेले, तर समुद्रातील बंदीचा लाभ अपुरा राहतो. सुंदरबनात बीजासाठी टायगरची पिले गोळा करताना जाळ्यात आलेली इतर असंख्य पिले टाकून दिली गेली. त्या अनुभवातून बोध घेणे इष्ट होय.

खाडीकाठच्या पंचायतींनी मच्छिमार सहकारी संस्थांना विश्वासात घेऊन पिलांच्या हंगामात बारीक आसाची जाळी न लावण्याचा निर्णय घ्यावा आणि आपल्या हद्दीतील खारफुटी राखावी. नखाएवढ्या पिलास आज खाडीत अभय मिळाले, तर तेच उद्या कोळ्याच्या जाळ्यात मोठी कोळंबी होऊन येईल.