पायरी न चढतां न्यायालयांत

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, ही म्हण मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या ऐकूं येते. तिच्यांत न्यायाविषयीं अनादर नाहीं. आहे तें हेलपाट्यांचें भय. इंदापूर तालुक्यांतील शेळगांवच्या शेतकऱ्याचें उदाहरण पाहावें. नीरेच्या कालव्यानें या टापूंतील जमिनीस मोल आलें, आणि मोलाबरोबर बांधाचे, वाटणीचे, पाटाच्या पाण्याचे तंटेहि आले. अशा तंट्यापायीं तहसील कचेरीसाठीं इंदापूर, प्रांत कचेरीसाठीं बारामती आणि प्रकरण उच्च न्यायालयांत गेल्यास थेट मुंबई गांठावी लागते. नीरेपलीकडच्या सोलापूर जिल्ह्यास १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचें सर्किट बेंच मिळालें. पुणें जिल्हा मात्र मुंबईशींच जोडलेला राहिला. इतक्या दूर जाऊन केवळ पुढची तारीख घेऊन परतणें म्हणजे दिवस बुडाला, भाडें अंगावर पडलें आणि पदरांत कांहींच आलें नाहीं.

हा हेलपाटा यंत्रानें टळेल काय? या प्रश्नाचें एक महत्त्वाचें उत्तर महाराष्ट्रांतीलच एका खटल्यांतून मिळालें. साक्ष आरोपीच्या समक्ष व्हावी, असा फौजदारी कायद्याचा दंडक; आणि साक्षीदार डॉक्टर तर अमेरिकेंत. पडद्यावर पाहून घेतलेली साक्ष ‘समक्ष’ म्हणतां येईल काय? २००३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें होकार दिला. परस्परांस पाहतां व ऐकतां येत असेल, तर एकाच खोलींत बसलें पाहिजे असें नाहीं, हा त्या निर्णयाचा आशय. पुढें महामारीच्या काळांत, ६ एप्रिल २०२० रोजीं, त्याच न्यायालयानें दूरदृश्य सुनावणीचा मार्ग देशांतील न्यायालयांस मोकळा केला. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनें तर खटल्याचें कामकाज इलेक्ट्रॉनिक साधनांनीं चालविण्याची तरतूदच केली आहे.

यामुळें वकिलाचा दिवस पालटूं लागला आहे. दावे व अर्ज संगणकावरून दाखल करतां येतात. प्रत्येक प्रकरणास अक्षरें व अंक मिळून सोळा चिन्हांचा क्रमांक असतो; त्यावरून पक्षकारासहि घरबसल्या पुढची तारीख कळते. न्यायालयानें अनुमति दिल्यास बारामतीचा वकील आपल्या कचेरींतून मुंबईच्या न्यायमूर्तींपुढें युक्तिवाद करूं शकतो.

याचा मोठा लाभ स्त्री वकिलांस आहे. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनीं १८९२ सालीं ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. तरी हिंदुस्थानांत वकिलीचा दरवाजा स्त्रियांस कायद्यानें उघडला तो १९२३ सालीं. दरवाजा उघडला, पण तान्हें मूल किंवा आजारी सासूबाई घरीं असतां दिवसभर न्यायालयांत ताटकळण्याची अडचण उरलीच. ती आतां कोठें सैल होऊं लागली आहे.

मात्र यंत्राच्या हातीं सर्व सोंपविणें धोक्याचें आहे. जुने निवाडे शोधणें, मसुदे लिहिणें हीं कामें आतां कृत्रिम बुद्धि क्षणांत करते. पण तिच्या शब्दाची खात्री कोण देणार? २०२३ सालीं न्यूयॉर्कमध्यें दोन वकिलांनीं अशा यंत्रानें रचलेले, मुळांत अस्तित्वांतच नसलेले निवाडे न्यायालयापुढें ठेवले. त्यांना व त्यांच्या कचेरीस मिळून ५,००० डॉलर दंड झाला. दंड यंत्रास झाला नाहीं, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. ज्याच्या घरीं चांगला फोन नाहीं, त्यास पडद्यावरचें न्यायालयहि दूरच. शिवाय उच्च न्यायालयाचें कामकाज इंग्रजींत चालतें. शेळगांवच्या शेतकऱ्यानें तें घरीं बसून पाहिलें, तरी आपल्याच बांधाविषयीं काय ठरलें तें त्यास कळेलच असें नाहीं. तेव्हां शेजारीं बसून दोन शब्द मराठींत समजावणारा, आणि दावा टिकणारा नसेल तर “भावाशीं मिटवून घ्या” असें स्पष्ट सांगणारा माणूस त्यास हवाच असतो.

वाट जवळ करणें यंत्रास साधलें आहे. त्यांतून वांचलेला वेळ वकील आणखी खटले गोळा करण्यांत घालवितो, कीं समोरच्या माणसाचें ऐकून घेण्यांत, यावरच त्या जुन्या म्हणीचें भय कमी होणें अवलंबून आहे.