ऐकवायचे की दाखवायचे?

मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढेसारख्या गावात भोंगा लावलेली रिक्षा फिरली की नव्या दुकानाची बातमी घरोघर पोचते. तेच काम आता मोबाईलवर आले आहे आणि दुकानदारापुढे प्रश्न आहे, आवाज टाकावा की व्हिडिओ?

आधी माल बघा. साडीचा काठ, फोडणीचा रंग, फवारणी पंपाचे नोझल कसे बसवायचे, हे सांगून कळत नाही. नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे यांचा ‘आपली आजी’ हा यूट्यूब चॅनल पाककृतींमुळे गाजला, तो आजीचे हात आणि कढई दिसते म्हणून. नुसत्या आवाजात ती चव आली नसती. उलट कापसाचा आजचा भाव, खत आल्याची खबर किंवा दुकानाची वेळ यांना चित्राची गरजच नाही. निंदणी करताना, गाडी चालवताना ते ऐकता येते.

डेटाचा हिशेबही मांडा. 64 केबीपीएस दराचा मिनिटभर आवाज साधारण अर्धा एमबी होतो, 2.5 एमबीपीएसचा तेवढाच व्हिडिओ जवळपास 19 एमबी. रेंज डळमळीत असेल तर हा फरक जाणवतोच.

फेसबुकवर अनेक जण व्हिडिओ आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून किंमत आणि पत्ता पडद्यावर मराठीत लिहा. ऑडिओत मात्र फोन नंबर सावकाश, दोनदा सांगा.

माझे मत विचाराल तर सुरुवात आवाजाने करा, आणि पहिले रेकॉर्डिंग पंखा बंद करून घ्या.