फुकट असूनही लिनक्स दाराबाहेरच का?

संगणकाची एक कार्यप्रणाली अशी आहे की, जिच्यासाठी छदामही मोजावा लागत नाही. ती कितीही संगणकांवर टाका, मित्राला द्या, तिचा मूळ कोड वाचा, त्यात बदल करा. हे हक्क तिचा परवानाच देतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरची घोषणा केली आणि १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स जगापुढे ठेवले. आज जगातले सर्वात वेगवान ५०० महासंगणक लिनक्सवर चालतात. आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही तोच. मग घरातल्या आणि कार्यालयातल्या टेबलावर मात्र विंडोजच का?

लोकांना कळत नाही, लोक आळशी आहेत, हे तज्ज्ञांचे ठरलेले उत्तर! दोष नेहमी शेवटच्या माणसाच्या माथी मारायचा, ही जुनीच खोड आहे. वास्तविक पाहता सामान्य माणूस कार्यप्रणाली निवडतच नाही. दुकानातून संगणक येतो तोच बहुधा विंडोजसह. ज्याला निवडीची संधीच मिळाली नाही, त्याची निवड चुकली असे कसे म्हणणार?

दुसरे कारण शिक्षणाचे. २००१ पासून एमएस-सीआयटी महाराष्ट्रात गावोगावी पोचली. सरकारी नोकरीसाठी संगणकाचे प्रमाणपत्र लागते म्हणून गोरगरिबांच्या मुलामुलींनी पोटाला चिमटा काढून फी भरली. पण संगणक म्हणजे विंडोज आणि टायपिंग म्हणजे वर्ड, हेच वळण हाताला लागले.

तिसरे कारण आपल्या भाषेचे. आपली पत्रके, पुस्तिका, विशेषांक वर्षानुवर्षे पेजमेकर आणि श्रीलिपीवर जुळवले गेले. तो विशिष्ट फाँट नसेल तर तोच मजकूर निरर्थक चिन्हांचा ढीग दिसतो. हिशेबनिसाची टॅलीही विंडोजसाठीच बनलेली. एकटा माणूस लिनक्सवर गेला तरी छापखाना आणि हिशेबनीस जिथल्या तिथेच राहतात.

चौथे कारण कुणी उघड बोलत नाही. चोरीचे विंडोज गल्लीबोळात किरकोळ पैशांत टाकून मिळते. मग 'फुकट' या शब्दाला किंमत ती काय उरणार? पण कायदा काय म्हणतो? कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३-बी नुसार सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हा गुन्हा आहे. शिक्षा ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. वापर नफ्यासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळून ५० हजारांपर्यंत दंड करू शकते. गुन्हा मात्र गुन्हाच राहतो.

यावर उपाय काय? जर्मनीतील म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला, २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार संगणक बदलले आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे जाण्याचे ठरवले. भोवतालचे सारे जग विंडोजवर असताना एका कार्यालयाने वेगळे राहणे जड जाते, हा त्यातला धडा. केरळने वेगळी वाट धरली. तेथे सरकारी शाळांतच मुक्त सॉफ्टवेअर आणले, शिक्षकांना प्रशिक्षण दिले, पाठ्यपुस्तकेही त्यावरच बेतली. मुलाचा पहिला संगणकच लिनक्सचा असेल तर त्याला ते परके कसे वाटेल?

म्हणून हा व्यक्तीच्या मतपरिवर्तनाचा नव्हे, धोरणाचा प्रश्न आहे. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. त्याची अंमलबजावणी आपल्या जिल्ह्यात किती झाली, हे माहिती अधिकारात विचारता येते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित पाठबळ संपले. विंडोज ११ टीपीएम २.० आणि नवा प्रोसेसर मागते. त्यामुळे चांगले चालणारे कितीतरी जुने संगणक बाद ठरतात. अभ्यासिका, वसतिगृहे, वाचनालये यांनी देणग्यांतून घेतलेली ही यंत्रे भंगारात घालायची काय?

ती भंगारात घालू नका. आधी एका यंत्रावर लिनक्स टाका, जुना मजकूर युनिकोडमध्ये आणा, एका मुलाला आणि एका मुलीला त्यात तरबेज करा. आणि सरकारला ठणकावून विचारा की, आमच्या मुलांच्या हाती पहिला संगणक देताना एकाच कंपनीची मक्तेदारी का?