विश्लेषण : एकच घंटा सगळ्या संकटांना पुरेल का?

शिरपूर तालुक्यातील वाघाडी येथील रसायन कारखान्यात ३१ ऑगस्ट २०१९ रोजी सकाळी दहाच्या सुमारास स्फोट झाला. दहाहून अधिक जणांचा जीव गेला. तो दिवस शनिवार होता, आणि शनिवारी शाळा सकाळच्या सत्रात भरतात. परिसरात असा स्फोट झाला तर शिक्षकांनी मुलांना मैदानात काढायचे की वर्गात थांबवून खिडक्या लावायच्या? धुळे-जळगावमधील शाळांच्या आपत्कालीन तयारीचा प्रश्न इथून सुरू होतो.

शाळांवर बंधन काय?

तमिळनाडूतील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेला आग लागून ९४ मुले दगावली. आग स्वयंपाकघरात लागून गवती छपरापर्यंत पोहोचली होती. या दुर्घटनेनंतरच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी (अविनाश मेहरोत्रा खटला) निकाल दिला. शाळेत अग्निशामक उपकरणे हवीत, ती वापरण्याचे प्रशिक्षण शिक्षक-कर्मचाऱ्यांना हवे, ज्वलनशील साहित्य साठवू नये, इमारतीची तपासणी व्हावी, असे त्यात बजावले आहे. पोषण आहार शिजवणाऱ्या प्रत्येक शाळेने हा निकाल किचनशेडच्या दारात उभे राहून वाचावा असा आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची शाळा सुरक्षेबाबतची मार्गदर्शक तत्त्वे २०१६ मध्ये आली. बदलापूर प्रकरणानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये राज्याने शाळांना सीसीटीव्ही सक्तीचे केले. त्याचा उपयोग आहेच, पण आगीत मुलांना बाहेर काढायला कॅमेरा कामाचा नाही.

रंगीत तालीम कुठे कमी पडते?

बहुतेक ठिकाणी तालीम एकाच प्रकारची होते. घंटा वाजली की रांगेने मैदानात. आगीसाठी हे योग्यच. भूकंपात मात्र हादरे थांबेपर्यंत बाकाखाली डोके झाकून बसायचे आणि मग बाहेर पडायचे. सातपुड्याने १४ मार्च १९३८ रोजी मोठा भूकंप अनुभवला आहे, त्यामुळे हा धडा इथे परका नाही. पुरात वरचा मजला किंवा उंच जागा गाठायची. वायुगळतीत तर मैदान हीच धोक्याची जागा ठरू शकते. दारे-खिडक्या बंद करून आत थांबायचे, आणि प्रशासनाने हलायला सांगितले तर वाऱ्याच्या आडव्या दिशेने निघायचे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या महामार्गांवरून टँकर जातात. त्यामुळे रस्त्यालगतच्या शाळांना ही तालीमही तितकीच गरजेची आहे.

चाळीसगावात ३१ ऑगस्ट २०२१ च्या पहाटे तितूर आणि डोंगरी नद्यांचे पाणी शिरले. वेळ पहाटेची, शिवाय कोरोनामुळे बहुतेक शाळा बंदच होत्या. हेच पाणी दुपारी आले असते तर?

मुले पालकांकडे कशी सोपवायची?

हा भाग सर्वाधिक दुर्लक्षित. बातमी पसरताच पालक दुचाकीवरून शाळेकडे धावतात, फाटकात गर्दी होते आणि रुग्णवाहिका अडकते. म्हणून बाहेर पडताना हजेरीपट शिक्षकाच्या हातात हवा, मैदानात पुन्हा हजेरी व्हावी आणि मूल नोंदीतील व्यक्तीच्याच ताब्यात द्यावे. चोपडा, यावल, रावेरच्या आदिवासी पाड्यांवर दोन शिक्षकी शाळा आहेत. एक शिक्षक प्रशिक्षणाला किंवा बैठकीला गेला की उरलेल्या एकाने मुले मोजायची की १०८ ला फोन लावायचा? तिथे आहार शिजवणाऱ्या ताई आणि शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य यांना तालमीत घेतल्याशिवाय आराखडा कागदावरच राहतो.

उन्हाचे काय?

खान्देशातील दरवर्षीची हमखास आपत्ती ऊन हीच. जळगाव, भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपुढे जातो. तरीही २०२५ मध्ये पहिली ते नववीच्या परीक्षा २५ एप्रिलपर्यंत लांबल्या. जूनमध्ये विदर्भातील शाळा उन्हामुळे २३ तारखेला उघडल्या. खान्देशातील मात्र उर्वरित राज्याबरोबर १६ तारखेलाच. पत्र्याच्या वर्गखोलीत बसणाऱ्या मुलाला चक्कर आली तर त्याला सावलीत न्यायचे, अंग ओल्या कापडाने पुसायचे, शुद्धीवर असेल तरच पाणी किंवा ओआरएस घोट-घोट द्यायचे. शुद्ध हरपली, बोलणे असंबद्ध झाले किंवा झटके आले तर तो उष्माघात समजून लगेच १०८ बोलवावी आणि गाडी येईपर्यंत अंग गार करणे थांबवू नये.