जमिनीचा दलाल आणि त्याचा परवाना

कांदा बाजारांत नेला म्हणजे आपला शेतकरी अडत्याकडून हिशोबपट्टी घेतल्याखेरीज घरीं परतत नाहीं. वजन किती भरलें, भाव काय लागला, हमाली व तोलाई किती गेली, हें सर्व त्या कागदावर असतें. आणि अडत्यापाशीं बाजार समितीचा परवाना आहे, हेंही त्यास ठाऊक असतें. परंतु तोच शेतकरी वडिलोपार्जित जमीन विकावयास काढतो, तेव्हां मध्यस्थ कोण, त्याजपाशीं कसला परवाना आहे, उद्यां कांहीं विपरीत घडल्यास तो कोणास जबाब देईल, यांपैकीं एकही गोष्ट तो विचारीत नाहीं. एका हंगामाच्या मालासाठीं जी सावधगिरी, ती पिढ्यांच्या मिळकतीसाठीं नसावी, हें आश्चर्य नव्हे काय ? म्हणून जमिनीच्या दलालीचा परवाना म्हणजे काय, तो कसा मिळतो, आणि मुख्यतः तो कोठपर्यंत उपयोगी पडतो, याचा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

माढा तालुक्यास या विषयाचें अगत्य विशेष आहे. उजनीचें धरण 1980 सालीं पुरें झालें आणि त्याच्या पाण्यानें उंसाचा पसारा वाढला. पुणें-सोलापूर हमरस्ता टेंभुर्णीवरून जातो, कुर्डुवाडी हें रेल्वेचें जंक्शन आहे, आणि माढ्यास आतां नगरपंचायत आहे. अशा ठिकाणीं रस्त्याकडेचें शेत एकराच्या भावानें न विकतां गुंठ्याच्या भावानें विकावें, असा मोह होणें साहजिक आहे. जेथें हा मोह, तेथें मध्यस्थ हा असावयाचाच. मध्यस्थी हा धंदा कांहीं वाईट नव्हे. गिऱ्हाइकाची व मालकाची गांठ कोणी तरी घालून दिलीच पाहिजे. परंतु पूर्वीं त्यास कोणतीही पात्रता लागत नसे, आणि हेंच अनर्थाचें मूळ होतें.

ही उणीव केवळ आपल्याच देशांत होती असें नाहीं. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानांत जमिनीच्या दलालांस परवाना सक्तीचा करणारा कायदा प्रथम 1917 सालीं झाला. तो न्यायालयांत टिकला नाहीं, म्हणून 1919 सालीं पुन्हां नवा करण्यांत आला. आज तेथें सरकारी परीक्षा उतरल्यावांचून कोणासही हा धंदा करितां येत नाहीं. आपल्याकडे हें पाऊल पडण्यास जवळजवळ शंभर वर्षें लागलीं. स्थावर संपदा (विनियमन व विकास) कायदा 2016 सालीं संसदेनें केला, आणि 2017 च्या मे महिन्यापासून महाराष्ट्रांत त्याची अंमलबजावणी ‘महारेरा’ या प्राधिकरणाकडे आली. या कायद्याच्या नवव्या कलमान्वयें, नोंदणी झालेल्या प्रकल्पांतील प्लॉट, सदनिका वा इमारत यांची खरेदीविक्री जुळवून देणारास स्वतःची नोंदणी करणें भाग आहे. नोंदणीवांचून धंदा केल्यास दर दिवसास 10,000 रुपये दंड होऊं शकतो, व तो वाढत जाऊन त्या मिळकतीच्या किमतीच्या शेंकडा 5 पर्यंत पोहोंचतो.

परवाना मिळविण्याची रीत येणेंप्रमाणें आहे. उमेदवारानें प्रथम महारेरानें मान्य केलेल्या संस्थेंत 20 तासांचें शिक्षण घ्यावें. नंतर परीक्षा द्यावी. ती मराठींतूनही देतां येते. पहिली परीक्षा 2023 च्या मे महिन्यांत झाली, आणि 1 जानेवारी 2024 पासून हें प्रमाणपत्र सर्वच एजंटांस आवश्यक झालें. तें हातीं आल्यावर पॅन, राहण्याच्या ठिकाणाचा पुरावा वगैरे कागद जोडून महारेराच्या संकेतस्थळावर अर्ज करावयाचा. एकट्या माणसास फी 10,000 रुपये असून नोंदणी 5 वर्षें चालते. मुदत संपण्यापूर्वीं ती वाढवून घ्यावी लागते. नोंदणीचा क्रमांक त्यानें प्रत्येक व्यवहारांत दाखविला पाहिजे, हिशोबाच्या वह्या ठेविल्या पाहिजेत, खोटी जाहिरात करितां कामा नये, आणि ज्या प्रकल्पाची नोंदणी आवश्यक असूनही झालेली नाहीं त्यांतील मिळकत विकतां कामा नये. तो चुकल्यास त्याजविरुद्ध महारेराकडे तक्रार चालते, व नोंदणी रद्दही होऊं शकते. शेतकऱ्यांचीं जीं शिकलेलीं मुलें आज तालुक्यांत ही मध्यस्थी करीत आहेत, त्यांनीं हा मार्ग अवश्य धरावा. 20 तासांचें शिक्षण व एक परीक्षा, एवढ्या मोलानें अब्रूचा धंदा मिळत असेल तर तें महाग नव्हे.

आतां मुख्य मुद्दा. हा परवाना नोंदलेल्या प्रकल्पांतील मिळकतीपुरता आहे. शेतास शेत म्हणून विकण्याच्या व्यवहारास तो लागत नाहीं. म्हणजे गहूं-ज्वारीचें रान दुसऱ्या शेतकऱ्यास विकून देणाऱ्या मध्यस्थास आजही परवान्याची अट नाहीं. आणि त्यापाशीं परवाना असला तरी तो तुमच्या सातबाराची शाश्वती देत नाहीं. जो शेतकरी परवाना पाहून निश्चिंत झाला, त्यानें अर्धीच खबरदारी घेतली असें आम्ही म्हणूं. शेताच्या व्यवहारांत राखण आपली आपणच करावयाची आहे. 1948 च्या कुळकायद्याप्रमाणें शेतकरी नसलेल्या इसमास परवानगीवांचून शेतजमीन देतां येत नाहीं. 1947 चा तुकडेबंदी कायदा व त्यांत वेळोवेळीं झालेल्या सुधारणा तपासल्यावांचून गुंठ्यांचें खरेदीखत करूं नये. आणि सातबारावर ‘भोगवटादार वर्ग 2’ असा शेरा असल्यास सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीखेरीज विक्री करितां येत नाहीं. धरणग्रस्तांस पुनर्वसनांत मिळालेल्या जमिनींच्या बाबतींत हा शेरा विशेष जपून पाहावा.

दुसरी गोष्ट याहूनही महत्त्वाची. समजा, हमरस्त्यालगत कोणाचें दोन एकर रान आहे. मध्यस्थ येऊन म्हणतो, “आपण नुसती सही करा, प्लॉट पाडणें, विकणें, सर्व आमच्याकडे लागलें.” विसाराचे थोडे पैसे हातीं पडतात, कुलमुखत्यारपत्रावर सही होते, आणि मालक निर्धास्त राहतो. परंतु प्लॉट पाडून विकणारा तो कायद्याच्या दृष्टीनें ‘प्रवर्तक’ होय, आणि उत्पन्नांत वा प्लॉटांत वाटा ठेवणारा जमीनमालक हा महारेराच्या दृष्टीनें सहप्रवर्तक होय. नियोजन क्षेत्रांत 500 चौरस मीटरांहून अधिक जमिनीचे प्लॉट पाडून विकावयाचे तर प्रकल्पाची नोंदणी आधीं झाली पाहिजे. गुंठा 101 चौरस मीटरांचा धरल्यास हें क्षेत्र पुरे पांच गुंठेही होत नाहीं ! नोंदणीवांचून प्लॉट विकल्यास प्रकल्पाच्या अंदाजी खर्चाच्या शेंकडा 10 पर्यंत दंड आहे. म्हणजे मध्यस्थ दलाली घेऊन मोकळा होतो, आणि प्लॉट घेणारे मात्र तक्रार घेऊन सातबारावर ज्याचें नांव आहे त्याच्या दारीं येतात. आपलें रान नियोजन क्षेत्रांत येतें कीं नाहीं, हें नगररचना कार्यालयांत विचारून घ्यावें. मध्यस्थाच्या तोंडच्या शब्दावर विसंबूं नये.

तेव्हां विक्रीचा विचार मनांत येतांच आमच्या वाचकांनीं पुढील क्रम धरावा. सातबारा, आठ अ व जुने फेरफार काढून घरांतील सर्व वारसांची नांवें व बोजे पाहावे. मोजणी करून हद्द कायम करावी. मध्यस्थ प्लॉटांची गोष्ट बोलत असेल तर त्याचा नोंदणी क्रमांक मागावा व तो महारेराच्या संकेतस्थळावर ताडून पाहावा. घरांतील शाळकरी मूलही हें काम क्षणांत करील. दलाली किती व ती केव्हां द्यावयाची, हें प्रथमच लिहून घ्यावें. कोऱ्या कागदावर वा न वाचलेल्या कुलमुखत्यारपत्रावर सही करूं नये. आणि शेवटीं, तिऱ्हाईत वकिलास कागद दाखविल्यावांचून विसार घेऊं नये.

बैल घेतांना आपण त्याचे दांत पाहतों, चाल पाहतों, दोन दिवस औतास जुंपून पाहतों. आणि तरीही हेडी काय सांगतो त्यावर अर्धाच विश्वास ठेवतों. बैल फसला तर एक सुगी वायां जाते. जमीन गेली तर ती मुलाच्या मुलासही परत मिळत नाहीं. परवानाधारक दलाल तालुक्यांत जितके अधिक होतील तितकें चांगलेंच; परंतु दलालाचा परवाना हा त्याच्या लायकीचा दाखला होय, आपल्या जमिनीचा विमा नव्हे, हा भेद आमच्या शेतकरी बंधूंनीं मनांत पक्का बाळगावा, एवढीच विनंती.